लांबड्याच्या पिक्चरचा शेवट

बाबा, लांबडा गेला.

परवा शाळेच्या वाचनालयात मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आलं, नेहमीसारखं दोन दिवस शिळं, आणि आतल्या पानावर त्याचा फोटो होता. टोपी तीच, डाव्या भुवईवर कललेली. खाली पाच-सहा ओळी होत्या. बरेच दिवस आजारी होता, अमेरिकेत आपल्या घरी वारला, मागे बायको आणि दोन मुली. त्याचं खरं नाव मी पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन वाचलं आणि ते मला कुणा परक्या माणसाचं वाटलं. आपल्या ओटीवर त्या नावाने त्याला कुणी कधी ओळखलंच नाही. मी वर्तमानपत्र घडी घालून जागेवर ठेवलं आणि आठवीच्या वर्गावर जाऊन क्रियापदांचे काळ शिकवले. काही वाटलं नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता बारा वर्षं झाली. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं, निदान लोक ज्याला वाटणं म्हणतात तसं. आई अजून कधीतरी ते बोलून दाखवते. लांबडा गेल्याचं तुम्हाला कळवावं एवढ्यासाठीच वही घेऊन बसले आहे, असं मी स्वतःला सांगते आहे. पण तेवढंच नाही. तुमचं पिक्चर सांगणं मी बंद पाडलं, आणि त्या दिवसाबद्दलची एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही मुंबईची नोकरी सोडून श्रीवर्धनला परत आलात. मी अकरा वर्षांची होते. तोवर तुम्ही म्हणजे शिमग्याला बोटीने येणारा आणि आठ दिवसांनी बोटीनेच जाणारा एक पाहुणा होता. फोर्टातल्या एका इंग्रजी थेटरात पंधरा वर्षं तुम्ही डोअरकीपर होता, आणि दिवसाला तीन-तीन खेळ उभं राहून तुमच्या पायांच्या शिरा सुंभासारख्या फुगल्या होत्या. सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या झाकणाला आतून लांबड्याचा फोटो चिकटवलेला, थेटराच्या काचेच्या कपाटातून उतरवलेला, चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. शिवाय तुमचा काळा कोट आणि कामावरचा टॉर्च. टॉर्चमधले सेल संपले ते तुम्ही पुन्हा घातले नाहीत. वाडीत सुपारीवर चढण्या-उतरण्याचं काम तुम्हाला होणार नव्हतं, म्हणून तुम्ही वाळलेली सुपारी सोलायला घरी आणायला लागलात. दुपारी ओटीवर गोणपाट पसरतं, मधे सुपारीचा ढीग, भोवती आई, तुम्ही, शेजारच्या बायका. कोळीवाड्यातली मावशी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन येते आणि बसल्या बसल्या हात लावते. चाचा येतात, ज्यांचा जन्म आगबोटींच्या इंजिनघरात गेला आणि ज्यांनी परदेशच्या बंदरांत आपल्या आधी सगळे पिक्चर पाहिले होते, असं ते म्हणत. आणि सगळ्यांचे हात चालू राहावेत म्हणून तुम्ही पिक्चर सांगता.

त्या ओटीवरच्या बहुतेकांनी पडदा कधी पाहिला नव्हता, पण अमेरिकेतल्या नटनट्यांची त्यांना जेवढी माहिती होती तेवढी मला पुढे कॉलेजातल्या मुलींमध्येही दिसली नाही. इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून गावात माणसांना पडतात तशी त्यांना नावं पडली. लांबडा, मिशीवाला, खळीवाली, आणि प्रत्येक पिक्चरमध्ये पोलीसच होणारा तो फौजदार. त्यांच्याबद्दल बोलणं चाले ते चार घरं पलीकडे राहणाऱ्यांबद्दल चालावं तसं.

“मागल्या टायमाला तो मेला ना रे भाऊ?” मावशी विचारायची. “बोटीवरनं पडून?”

“तो वेगळा पिक्चर, बाय.”

“पिक्चर वेगला. मानूस तोच ना?”

“माणूस तोच.”

“मंग मेला कसा न्हाय?”

यावर चाचा पुढे सरकत. “कसा मरेल? मी स्वतः बघितलाय त्याला, गोदीवर. आमची बोट लागली होती, हा समोरून आला, टोपी घालून. खुदा की कसम, खांद्याला खांदा लागला.”

“तुज्या खांद्याला?” मावशी त्यांना नखशिखांत न्याहाळायची. “मंग त्याला लांबडा कशापायी म्हनायचा? त्याला सुपारीचा रोप म्हनू.”

बायका हसून हसून सोलायच्या थांबत. चाचा तुमच्याकडे वळत. “अरे सांग हिला, पडद्यावर माणूस मोठा दिसतो.”

तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “पडद्यावर सगळेच मोठे दिसतात, चाचा. उगाच अंधार करतात का?”

सगळ्यांचा आवडता पिक्चर एकच होता. लांबडा तरुणपणी आईशी भांडून बोटीवर जातो. वीस वर्षं समुद्रावर काढतो, वाटेत खळीवाली भेटते, तिलाही सोडतो, आणि केस पिकल्यावर एक दिवस आपल्या बंदराला उतरतो. आपल्या घराचं दार वाजवतो. इथे आलात की तुम्ही सुपारी खाली ठेवायचात आणि तो विझलेला टॉर्च उंबऱ्याकडे रोखायचात. सगळ्यांचं लक्ष आपल्याच घराच्या दाराकडे जायचं. आई दार उघडते. लांबडा टोपी काढतो. आई त्याच्याकडे बघत राहते आणि म्हणते, हात धुऊन घे, पान वाढते. मावशी पदराने नाक पुसायची, चाचा “बस, बस” म्हणत उठून जायचे. दर खेपेला. ओटीवरच्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी बोटीवर नाहीतर मुंबईत होतं. मी चौदा वर्षांची असताना विचारलं होतं, “बाबा, अमेरिकेत पान वाढतात?” तुम्ही म्हणालात, “तू रोज जेवतेस ना? मग गप ऐक.” सगळे हसले. मला तो अपमान वाटला आणि मी तो लक्षात ठेवला.

मी तेव्हा कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. हायस्कुलात इंग्रजीत पहिली येत होते. रविवारी कोळीवाड्यात बायकांना अक्षरं शिकवायला जायचे. नवा देश उभा राहतो आहे आणि अज्ञान हा त्याचा पहिला शत्रू आहे, असं मी एका भाषणात म्हटलं होतं आणि त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. ते सगळं मी मनापासून म्हणत होते, अजूनही म्हणेन. पण घरी आल्यावर ओटीवर तुम्ही अमेरिकेतल्या बाईला पान वाढायला लावत आहात, हे मला सहन होईनासं झालं होतं. तुम्हाला इंग्रजी येतं का, असं मी एकदा सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, “पंधरा वर्षं उभा होतो तिथे.” हे काही उत्तर झालं नाही, असं मी मनात म्हटलं.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी दिवाळीनंतर मैदानात तंबूचा सिनेमा आला. तंबूत इंग्रजी पिक्चर लागला की पडद्याशेजारी उभं राहून एक माणूस कर्ण्यातून मराठीत सांगत जाई, अशी तेव्हा रीतच होती. त्यांचा सांगणारा तापाने पडला होता. तंबूवाला विचारत विचारत आपल्या घरी आला. कुठला पिक्चर, म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा त्याने जाहिरातीचा कागद उलगडला आणि त्यावर लांबडा होता, मागे बोट, पुढे एक दार. तुम्ही कागद हातात घेऊन बराच वेळ उभे राहिलात. मग आईला कोट उन्हात टाकायला सांगितलंत.

दिवेलागणीला सगळी ओटी तंबूत होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे दोरी, बाहेर विजेचं इंजिन धडधडत होतं. तुम्ही पडद्याच्या डाव्या अंगाला, काळा कोट, एका हातात कर्णा, दुसऱ्या हातात सवयीने तो टॉर्च. आणि बाबा, तुम्ही फार छान सांगत होता. पोरं रडायची थांबली होती. पिक्चर दाखवायचं यंत्र एकच असल्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत आणि लोक तुमच्याकडेच बघत. शेवटच्या रिळाआधी मावशी बायकांतून ओरडली, “भाऊ, आता दार वाजवनार ना?” तुम्ही कर्ण्यातून म्हणालात, “आता वाजवणार.” तंबूत टाळ्या पडल्या.

आणि शेवटचं रीळ लागल्यावर तुम्ही गप्प झालात. कर्णा खाली घेतलात, लोकांकडे पाठ केलीत आणि पडद्याकडे तोंड करून उभे राहिलात. मला ती पाठ दिसते. कोटाच्या शिवणीतून निघालेला एक दोरा दिसतो. पुरुषांतून आरडाओरडा सुरू झाला, “सांगा की राव!”, “झोपला काय तो?”, शिट्ट्या. पडद्यावर दार उघडलं. म्हातारी आली. लांबड्याने टोपी काढली, इथवर सगळं तुम्ही सांगायचात तसंच. मग म्हातारी बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. तुम्ही दचकल्यासारखा कर्णा वर केलात आणि म्हणालात, “हात धुऊन घे, पान वाढते.” पण तोवर उशीर झाला होता, ती अजून बोलतच होती, आणि तिचा चेहरा पान वाढणाऱ्या बाईचा नव्हता. मी उभी राहिले. माझा आवाज भाषणं करून तयार झालेला होता.

“बाबा, चुकीचं सांगताय. ती असं म्हणत नाहीये.”

तुम्ही वळून अंधारात मला शोधलंत. कर्ण्यातून विचारलंत, “मग काय म्हणते?”

“ती म्हणते, मी तुला ओळखत नाही. माझा मुलगा कधीच मेला.”

पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, “पोरगी शिकलेली हाय, तिलाच उभी करा!” आणि दुसरा, “डोअरकीपर, दार लावून घ्या आता!” तंबू हसला. तुम्ही कर्णा स्टुलावर ठेवलात. पडद्यावर लांबडा पाठमोरा चालत गेला की दारातच उभा राहिला, ते मी पाहिलं नाही. मी लोकांकडे बघत होते. मला वाटत होतं, मी एक बरोबर गोष्ट केली.

घरी येताना तुम्ही पुढे चालत होता. फाटकाशी थांबून म्हणालात, “इंग्रजी चांगलं झालंय तुझं.” त्यात टोमणा नव्हता, मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी मावशीने ओटीवर फौजदाराचा पिक्चर मागितला तेव्हा तुम्ही सुपारी सोलता सोलता म्हणालात, “हिला विचारा. हिला खरं ठाऊक असतं.” मी सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातली एक गोष्ट सांगितली, नीट, एकही चूक न करता. महिनाभरात ओटीवर फक्त आपण तिघं सोलायला उरलो. जूनमध्ये मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत आणि तो माझ्या हातात दिलात. “मुंबईला जिन्यांत अंधार असतो,” एवढंच म्हणालात. श्रावणात तार आली. बोटी बंद होत्या, मी गाडीने वळसा घेत पोहोचले तेव्हा तिसरा दिवस होता. ओटीवर अर्धवट सोललेली सुपारी तशीच होती. मी बसून ती सोलून संपवली.

दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी मी तुमच्या थेटरात गेले. लांबड्याचा तो पिक्चर पुन्हा कधी लागणार आहे का, एवढंच विचारायचं होतं. बाजूच्या जिन्यावर एक म्हातारे डोअरकीपर बिडी ओढत बसले होते. मी तुमचं गाव सांगितलं, पाय सांगितले, तर म्हणाले, “तू त्याची पोरगी? माझ्या समोरच्या दाराला होता तो.” मी विचारलं, त्या पिक्चरचा शेवट नेमका काय होता हो? ते हसायला लागले.

“शेवट? पोरी, आम्हाला कुठला शेवट! शेवटचं रीळ लागलं की घंटी व्हायची. आम्ही दाराच्या पडद्याबाहेर. दारं सोडायची, खाली येऊन गेट धरून उभं राहायचं, माणूस न् माणूस रस्त्यावर जाईपर्यंत. वीस वर्षांत एक शेवट बघितला नाही मी. तुझ्या बापानेही नाही.”

“ते घरी सांगायचे. शेवटासकट.”

“सांगणारच. तो गेटावर लोकांची तोंडं बघायचा. म्हणायचा, मरण असलं की लोक बोलत बोलत बाहेर येतात. कुणी कुणाला परत मिळालं असलं की गप्प येतात.” त्यांनी बिडी पायरीवर विझवली. “त्या लांबड्याच्या पिक्चरला गप्प यायचे. ते मलाही आठवतंय.”

मी त्या जिन्यात उभी राहिले. त्या तंबूत तुम्ही तुमच्या आयुष्यातला पहिला शेवट बघत होता. त्यासाठी तुम्ही आमच्याकडे पाठ केली होती. मी आणखी दोन मिनिटं गप्प बसले असते तरी पुरलं असतं, फार तर तीन. हे सगळं मी गणित सोडवावं तसं पायरी पायरीने लावून पाहिलं, आणि ते बरोबर आलं. मग वसतिगृहावर परत गेले. त्या दिवशी मुगाची आमटी होती, ती जेवले. पुढे बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली, गावाने हार घातला, आणि आता तुम्ही ज्या भाषेतला एक शब्दही शिकला नाहीत ती मी शिकवते. मुलं धडा वाचून अर्थ चुकीचा सांगतात तेव्हा मी त्यांना मधे थांबवत नाही. शेवटपर्यंत जाऊ देते. मुख्याध्यापकांना ते पसंत नाही.

काल दुपारी मावशी आणि चाचा आले. लांबडा गेल्याचं मी मावशीला बाजारात सांगितलं होतं. सांगताना वाटलं नव्हतं की ती एवढं मनाला लावून घेईल. दोघं समाचाराला यावं तसे आले, पायरीवर चपला काढून, न बोलता बसले. मावशीला आता डोळ्यांनी कमी दिसतं, चाचांच्या हातात काठी आहे. मी शाळेतून मागून आणलेल्या वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. मावशीने तो नाकाशी धरला आणि म्हणाली, “आता खरा मेला ना गो? का परत दुसऱ्या पिक्चरमधी येल?”

“खरा, मावशी.”

“मी खांद्याला खांदा लावलाय त्याच्या,” चाचा म्हणाले आणि रडायला लागले.

“गप रं. भाऊ हाय ना तिथं. टॉर्च मारून जागा दावील त्याला.” मग माझ्याकडे वळली. “सांग गो तो दाराचा पिक्चर. तुजा बाप सांगायचा तसा.”

मी सांगितला. भांडण, बोट, वीस वर्षं, खळीवाली. टॉर्च कपाटातून आणला नाही, नुसता हात उंबऱ्याकडे केला. दाराशी आले तेव्हा थांबले. मावशीने पदर आधीच हातात घेतला होता. मी म्हटलं, “आई म्हणते, हात धुऊन घे, पान वाढते.” चाचा म्हणाले, “बस, बस.” मावशीने नाक पुसलं आणि थोड्या वेळाने साधेपणाने विचारलं, “मंग तवा तंबूत दुसरंच का बोललीस गो?”

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. मी बाहेर आले तेव्हा ती दोघं मिशीवाल्यावरून भांडत होती, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

हे पत्र ट्रंकेत ठेवीन, झाकणावरच्या त्या फोटोखाली. आणखी कुठे पाठवणार. तो पिक्चर मला मुंबईत चार वर्षांत कुठेही मिळाला नाही, तेव्हा त्याचा शेवट आपल्या दोघांपैकी कुणालाच कळलेला नाही. तंबूत फिल्म जुनी होती, आवाज खरखरत होता, बाहेर इंजिन चालू होतं, आणि ती म्हातारी भराभर बोलत होती. मला दोन शब्द लागले, ‘मुलगा’ आणि ‘नाही’. बाकीचं मला कळलं नव्हतं, बाबा. मी तिचं तोंड बघून सांगितलं.